काळा पाषाण, नीस आणि ॲम्फिबोलाइट: अग्निज व रूपांतरित खडक हातात घेऊन कसे पडताळावेत

पुणे, नाशिक, सातारा किंवा जालन्याच्या आसपास टेकडीवरचा दगड उचलला तर तो बहुतेक वेळा बेसाल्ट निघतो. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग या एकाच अग्निज खडकाखाली झाकलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून आलेला लाव्हा थरांवर थर साचून थिजला आणि त्याचाच सह्याद्री झाला. त्यामुळे अग्निज खडक इथल्या मुलांच्या पायाखाली असतो, तर रूपांतरित खडक पुस्तकातच राहतो. फरकाचा तक्ता पाठ होतो, पण समोर दोन दगड ठेवले की उत्तर रंगावरून दिलं जातं: काळा तो अग्निज, पांढरा किंवा पट्ट्यांचा तो रूपांतरित. रंगावरून केलेली निवड इतक्या वेळा चुकते, की तपासणीत रंग शेवटी लिहावा हेच बरं.

पाहायचं ते कण एकमेकांशी कसे बसलेत, हे. वितळलेल्या रसातून स्फटिक वाढतात तेव्हा ते वाटेल त्या दिशेला वाढतात आणि एकमेकांत अडकून बसतात. रूपांतरित खडक घडताना मात्र दगड वितळत नाही. तो घनच राहतो. साधारण 200 ते 800 अंश सेल्सिअस तापमान आणि वरून-बाजूंनी दाब, अशा अवस्थेत त्यातली खनिजं नव्याने स्फटिकतात आणि अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाच्या दिशेला आडवी होऊन ओळीत बसतात. कणांना दिशा आहे की नाही, हा पहिला प्रश्न. बाकीच्या चाचण्या त्याला दुजोरा देण्यासाठी किंवा तो खोडण्यासाठी.

नमुने कुठून घ्यावेत

बेसाल्टसाठी रस्त्याची नवी कापणी, विहिरीचा नुकताच काढलेला डबर किंवा खडी फोडण्याची खाण (परवानगी घेऊन) सगळ्यांत चांगली. रूपांतरित खडकासाठी दोन भाग सोयीचे आहेत. विदर्भात नागपूर शहराच्या पश्चिमेकडे बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला रामटेक-भंडाऱ्याकडे सरकलं की नीस (पट्टेदार), शिस्ट (अभ्रकाच्या चपट्या कणांचा) आणि क्वार्टझाइट (जवळजवळ सगळा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज) हे रूपांतरित खडक लागतात. म्हणजे एका दिवसात दोन्ही नमुने मिळतात. कोकणात सिंधुदुर्ग तसाच सोयीचा. आंबोलीकडची घाटाची भिंत बेसाल्टची आणि खाली सावंतवाडी-कुडाळच्या पट्ट्यात कितीतरी जुने रूपांतरित खडक.

कोकणात एक चूक हमखास होते. तिथे सगळीकडे दिसणारा लाल, भोकाभोकांचा जांभा हा अग्निजही नाही आणि रूपांतरितही नाही. मूळ खडकाची झीज होऊन, विरघळणारे घटक पावसाच्या पाण्याने वाहून गेल्यावर लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात, त्याचा जांभा होतो. तो या तुलनेत घेऊ नये. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये दिसणारा वीटकरी लाल थरही फसवतो. लाव्ह्याने तो थोडाफार भाजलेला असला तरी मुळात ती दोन उद्रेकांमधल्या काळातली माती किंवा राख असते. रूपांतरित खडकाचा नमुना म्हणून तो चालणार नाही.

नदीपात्रातले गोटे पहिल्या तुलनेसाठी टाळा. वैनगंगेसारख्या नदीत दहा ठिकाणचे दगड एकत्र येतात, आणि गोटा कुठल्या खडकातून सुटला हे कळलं नाही तर अर्धी माहिती गेली. लेणी, किल्ले, देवळं आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखी संरक्षित ठिकाणं इथे हातोडी पिशवीतच राहू द्या. तिथे फोटो पुरेसा आहे.

साहित्य

दीड-दोन पौंडांची, एका बाजूला चौकोनी तोंड असलेली हातोडी. चष्मा हवाच: बेसाल्टच्या कपच्या काचेसारख्या उडतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग. जुनी पोलादी सुरी, काचेचा तुकडा, दोऱ्याला बांधलेला छोटा लोहचुंबक, 1 ग्रॅमपर्यंत वाचणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, प्लास्टिकचं भांडं, बारीक दोरा. चुन्याच्या चाचणीला प्रयोगशाळेतलं 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपरने एक थेंब. ते शिक्षकांनीच तयार करावं, आणि करताना आम्ल पाण्यात घालावं, पाणी आम्लात कधीच नाही. घरी करायचं असेल तर दगडाची थोडी पूड खरवडून तिच्यावर व्हिनेगर टाका. फेस कमी येतो, पण दिसतो.

नमुना मुठीएवढा असावा आणि त्याची निदान एक बाजू ताजी फुटलेली हवी. बेसाल्टवर काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत तपकिरी साल असते. त्या सालीवर कोणतीही चाचणी केली तरी उत्तर सालीचं येतं, दगडाचं नाही. सुरीने ओरखडा उठला म्हणून बेसाल्टला मऊ ठरवलं जातं, त्याचं कारण बहुधा हेच.

आधी डोळे, मग भिंग

दगड धुऊन ओला असतानाच पाहा. ओल्या पृष्ठावर कणांच्या कडा उठून दिसतात. भिंग दगडाजवळ धरून वरून वाकू नका. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि दगड हळूहळू जवळ आणा. दहापट भिंगात साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. पाठीमागून ऊन यावं आणि दगड हातात सावकाश फिरवत राहावा, कारण स्फटिकांचे सपाट पृष्ठ ठराविक कोनातच चमकतात.

ताज्या बेसाल्टमध्ये काळ्या-करड्या, घट्ट पार्श्वभूमीवर बहुतेक कण वेगळे दिसतच नाहीत. लाव्हा 1100 ते 1200 अंशांवरून उघड्यावर लवकर थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. मधूनमधून प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या फिकट खनिजाच्या बारीक पट्ट्या चमकतील, हिरवट किंवा गंजून तपकिरी झालेले ऑलिव्हिन या खनिजाचे ठिपके असतील. या पट्ट्या वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या दिसल्या पाहिजेत. थराच्या वरच्या भागातला नमुना असेल तर त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच, पोकळ्यांमध्ये पांढरी-हिरवी खनिजं भरलेला बेसाल्ट.

नीसमध्ये कण उघड्या डोळ्यांनी दिसतात आणि फिकट व गडद पट्टे आलटून पालटून येतात. फिकट पट्ट्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, गडद पट्ट्यात कृष्णाभ्रक (काळा अभ्रक) आणि हॉर्नब्लेंड हे काळं, लांबट कणांचं खनिज. काही वेळा पट्टा फेल्डस्पारच्या मोठ्या दाण्याला वळसा घालून जातो, डोळ्याभोवतीच्या पापण्यांसारखा. हे दिसलं तर शंकेला जागा फारशी उरत नाही.

नीसचा दगड मात्र किमान तीन बाजूंनी पाहा. पट्टे त्याला छेदणाऱ्या बाजूंवर दिसतात. पट्ट्यांना समांतर बाजू समोर धरली तर तोच दगड ग्रॅनाइटसारखा ठिपक्याठिपक्यांचा वाटतो. एकाच बाजूचा फोटो काढून 'हा ग्रॅनाइट' असं ठरवण्याची चूक इथूनच येते. पट्टे दिसलेल्या बाजूवर खडूने त्यांची दिशा आखून ठेवा, म्हणजे पुढे दगड फिरवताना गोंधळ होत नाही.

दिशा दिसते, पण खडक अग्निजच

बेसाल्टमध्येही पट्ट्यांचा भास करून देणाऱ्या तीन गोष्टी आहेत, आणि प्रकल्पवह्यांमधल्या चुकांत त्यांचा मोठा वाटा असतो.

पहिली, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी झीज. उघड्यावर पडलेल्या बेसाल्टचे गोल गोल पापुद्रे सुटतात आणि मध्ये टणक गाभा राहतो. हे पापुद्रे गाभ्याभोवती वळलेले असतात. गाभा फोडून पाहा: आत एकही पट्टा नसतो. रूपांतरित खडकाचे पट्टे ताज्या, न झिजलेल्या दगडातही आरपार जातात.

दुसरी, पोकळ्यांच्या रांगा. लाव्हा वाहत असताना बुडबुडे लांबट होतात, ओळीत येतात आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली की ठिपक्यांचा पट्टा तयार होतो. भिंगातून ठिपक्याची कड पाहा. तो गोलसर भांड्यात भरल्यासारखा वेगळा दिसेल आणि भोवतीचा काळा खडक सगळीकडे सारखाच असेल.

तिसरी जरा अवघड. सह्याद्रीतल्या काही थरांत फेल्डस्पारचे एक सेंटिमीटरहून लांब स्फटिक असतात आणि प्रवाहात ते एका दिशेला झुकलेले असतात. हीदेखील दिशाच आहे, पण ती वाहण्याची. इथे मोठे स्फटिक जरी ओळीत असले तरी मधलं बारीक द्रव्य तसंच काळं आणि पट्टेरहित राहतं. नीसमध्ये खनिजंच वेगळी होऊन पट्ट्यांत जाऊन बसलेली असतात.

कठीणपणा, आम्ल, चुंबक

सुरीने ताज्या पृष्ठावर जोर देऊन रेघ ओढा, मग ओल्या बोटाने पुसून नखाने चाचपा. खाच लागली तर दगड मऊ. करडी चमकदार रेघ आहे पण खाच नाही, तर सुरी झिजली आहे. ताजा बेसाल्ट सुरीला जेमतेम दाद देतो. नीसचे फिकट पट्टे सुरीलाच खरवडतात, कारण क्वार्ट्झची कठीणता 7 आहे आणि त्याने काचेवरही ओरखडा उठतो. गडद पट्ट्यातला अभ्रक मात्र नखानेही सुटा होतो. म्हणून नीसची कठीणता एका आकड्यात लिहू नका, पट्ट्यागणिक लिहा.

आम्लाचा थेंब या दोघांवरही फसफसायला नको. बेसाल्टवर फेस आला तर तो कुठे येतो ते भिंगातून पाहा. पोकळीतल्या पांढऱ्या भरावावर येत असेल तर तो कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज आहे. तिथेच दुसरा पांढरा भराव शांत राहिला आणि सुरीने कापला गेला तर तो बहुधा झिओलाइट, सुरीने कापला गेला नाही तर गारगोटीचा प्रकार. संगमरवर सगळीकडून फसफसतो, कारण तो रूपांतरित झालेला चुनखडकच. विदर्भातल्या डोलोमाइटयुक्त (मॅग्नेशियम असलेल्या) संगमरवरावर थंड आम्लाने सहसा फेस येत नाही. पूड केली की हळूहळू बुडबुडे येतात.

लोहचुंबक दोऱ्याने टांगून दगडाच्या सपाट बाजूजवळ न्या. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज विखुरलेलं असल्याने तो किंचित ओढला जातो. साध्या नीसजवळ तो सहसा हलत नाही. पण हा पुरावा हलका धरावा, मॅग्नेटाइट रूपांतरित खडकातही असतं. रेडीकडच्या लोहखनिजाच्या पट्टेदार खडकाने चुंबक झटकन ओढला तरी तो बेसाल्ट होत नाही.

घनता मोजताना

घनता ही चाचणी घरच्या काट्यावर उत्तम जमते, तरी बहुतेक जण ती टाळतात. 300 ते 500 ग्रॅमचा, भोकं नसलेला तुकडा घ्या. कोरडा असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याने धरून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा, ही घनता.

समजा कोरडं वजन 348 ग्रॅम आणि बुडवल्यावर काटा 120 दाखवतो. 348 ÷ 120 = 2.9. घट्ट बेसाल्ट साधारण 2.8 ते 3.0 मध्ये बसतो, ग्रॅनाइटच्या घडणीचा नीस 2.6 ते 2.8 मध्ये. काट्याच्या एका ग्रॅमच्या चुकीने 120 घन सेंटिमीटरच्या दगडात उत्तर सुमारे 0.02 ने हलतं, म्हणून तिसरा दशांश लिहिण्यात अर्थ नाही. लहान दगडात हीच चूक वाढत जाते. उत्तर 3.5 किंवा त्याहून जास्त आलं तर दगड पूर्ण बुडाला होता का ते पाहा, कारण अर्धवट बुडाल्यावर काटा कमी आकडा दाखवतो. फार कमी आलं तर दगड तळाला टेकलेला असतो, किंवा पोकळ्या वा पृष्ठाला चिकटलेले बुडबुडे असतात. दगड पाण्यात हलवून बुडबुडे सोडा.

दोन काळे दगड: बेसाल्ट आणि ॲम्फिबोलाइट

काळा बेसाल्ट आणि पट्टेदार नीस वेगळे ओळखणं सोपं आहे. खरी कसोटी लागते ती भंडाऱ्याकडून किंवा सिंधुदुर्गातून काळाच रूपांतरित खडक आला की. बेसाल्ट किंवा त्याच घडणीचा खडक खोल गाडला गेला, तापला, त्यात थोडं पाणी मिसळलं की त्यातलं पायरोक्सीन हे गडद खनिज जाऊन हॉर्नब्लेंड येतं आणि ॲम्फिबोलाइट तयार होतो. दोघांचं रासायनिक मिश्रण जवळजवळ एकच राहू शकतं, सिलिका 50 टक्क्यांच्या आसपास. रंग सारखा. घनताही जवळची, ॲम्फिबोलाइटची 2.9 ते 3.1. म्हणजे वजनकाटा आणि रंग दोन्ही इथे निरुपयोगी ठरतात आणि फक्त घडण उरते. अग्निज आणि रूपांतरित यांत नेमकं काय बदलतं ते याच जोडीत सगळ्यांत स्वच्छ दिसतं, म्हणून शक्य असेल तर तुलनेसाठी हीच जोडी घ्यावी.

दोन्ही ताजे तुकडे उन्हात धरून फिरवा. बेसाल्ट मंदच राहतो, कुठेतरी एखादी रेघ चमकते. ॲम्फिबोलाइटमध्ये हॉर्नब्लेंडच्या काळ्या, सुईसारख्या किंवा लांबट कणांची एकच फळी एका कोनात चमकून उठते आणि पुढच्या कोनात एकदम विझते. कण एका दिशेला असल्याशिवाय असं होत नाही. भिंगातून सुयांच्या बाजू गुळगुळीत, काचेसारख्या दिसतात. कण पुरेसा मोठा असेल तर तुटल्यावरचा कोन पाहा: हॉर्नब्लेंड 56 आणि 124 अंशांच्या तिरक्या कोनांत फुटतं, पायरोक्सीन जवळजवळ काटकोनात. फुटण्याची पद्धतही मदत करते. घट्ट बेसाल्ट हातोडीखाली वेडावाकडा किंवा वाटीसारखा फुटतो, ॲम्फिबोलाइट कणांच्या दिशेने चपटा निघण्याकडे कल दाखवतो. पोकळ्या, झिओलाइट किंवा गारगोटीचे गोल भराव दिसले तर पारडं बेसाल्टकडे झुकतं. लाल-किरमिजी गार्नेटचे दाणे, ज्यांना आपण तामडा म्हणतो, दिसले तर रूपांतरित खडकाकडे.

क्वार्टझाइटसाठी वेगळी खूण आहे. तो जवळजवळ सगळा क्वार्ट्झ असल्याने त्यात पट्टे नसले तरी तो रूपांतरित असतो. फोडल्यावर भेग कणांना चिरत आरपार जाते, वाळूच्या खडकासारखी कणांना वळसा घालत नाही. त्यामुळे फुटलेला पृष्ठ खरखरीत न लागता साखरेच्या ढेपेसारखा चमकतो.

ओट्यावरचा 'ग्रॅनाइट'

ज्यांना दगड आणायला जाता येत नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आणि फरशीवाल्याकडचे तुकडे पुरेसे आहेत, फक्त दुकानातलं नाव खरं धरू नये. बाजारात कठीण आणि चकचकीत होणाऱ्या जवळपास प्रत्येक दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. एकसारखा काळाभोर 'ग्रॅनाइट' बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो (बेसाल्टच्याच घडणीचे, पण जाड कणांचे खडक) असतो. अग्निज खराच, पण ग्रॅनाइट नाही. लाटांसारखे, वळसे घेणारे पट्टे असलेला 'ग्रॅनाइट' हा नीस, म्हणजे रूपांतरित. पांढऱ्यावर किरमिजी ठिपके असलेल्या प्रकारातले ठिपके बहुतेकदा गार्नेट असतात. त्या दगडालाही रूपांतरित म्हणूनच तपासा. खरा ग्रॅनाइट म्हणजे गुलाबी किंवा पांढरा फेल्डस्पार, राखाडी क्वार्ट्झ आणि काळे ठिपके, सगळे काही मिलिमीटरचे आणि कोणत्याही दिशेने पाहिलं तरी तसेच विखुरलेले. तो जमिनीखाली सावकाश थंड झाला, म्हणून कण मोठे.

जुन्या ओट्यावरचा काळा कडप्पा, शहाबादी फरशी आणि कोटा हे तिन्ही चुनखडकच, म्हणजे स्तरित. कडप्प्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो तो याचमुळे. या तुलनेत त्यांना जागा नाही, पण आम्लाची चाचणी नीट होते आहे ना, हे पाहायला कडप्प्याचा तुकडा उत्तम.

नोंद कशी लिहावी

दगडाच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर क्रमांक लिहा. कागदी चिठ्ठी पिशवीत घासून निघून जाते. वहीत आधी ठिकाण (गाव, रस्ता, कापणी की डबर), मग निरीक्षणं आणि शेवटी नाव. निरीक्षणाच्या आधी नाव लिहिलं की डोळे त्या नावाला साजेसंच पाहू लागतात.

नोंद अशी असावी: 'नमुना 3. ताजा पृष्ठ काळा, साल तपकिरी 4 मिमी. कण लांबट, 1 ते 2 मिमी, एका दिशेला. उन्हात एकाच कोनात चमकतात. सुरीने जेमतेम ओरखडा. आम्लाने फेस नाही. चुंबक हलत नाही. घनता 3.0. पोकळ्या नाहीत. ॲम्फिबोलाइट, रूपांतरित.' यातली घनता आणि कठीणता बेसाल्टलाही लागू पडते, हेही त्याच ओळीखाली लिहा. कोणत्या निरीक्षणावर निर्णय टेकला आहे ते त्यामुळे कळतं.

तरीही शंका उरली तर दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांत ही सोय असते. इतका पातळ झाल्यावर काळा दगडही पारदर्शक होतो. खालचा एकच ध्रुवक (प्रकाश एका दिशेला कंप पावेल असा करणारी चकती) ठेवून सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवली की हॉर्नब्लेंडचा रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत बदलत जातो, तर बेसाल्टमधलं पायरोक्सीन जवळजवळ त्याच फिक्या रंगाचं राहतं.